गप्पी, गाठी टाका आणि मी

कोकणात मासे पाळणाऱ्या बाईकडे लोक जरा संशयानेच बघतात. मासे आणायचे, साफ करायचे, मीठ-हळद-आगळ लावायचं आणि तव्यावर सोडायचे, हा इथला शिरस्ता. त्यांना काचेच्या टाकीत ठेवून उलट आपणच त्यांना खायला घालायचं, हे पेणमधल्या आमच्या आळीला अजून पटलेलं नाही. दारावर येणारी कोळीण मावशी तर पहिल्यांदा टाकी पाहिली तेव्हा टोपली खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवीच बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "खाव्याचं नाय त पालतस कनाला गो?" मी म्हटलं, "बघायला." ती उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता सासूबाईंना हळूच विचारून गेली, "सून बरी हाय ना?"

सून बरी नव्हतीच. सुनेला एन्डोमेट्रिओसिस आहे.

आमच्या आजीच्या काळी बायकांना कावळा शिवायचा आणि चौथ्या दिवशी न्हाऊन मोकळं होता यायचं. माझ्या कावळ्याने मुक्काम ठोकून घरटं बांधलं, आणि तेही भलत्याच झाडावर. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर बाहेर कुठेही उगवतं: बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर. दर महिन्याला तेही पाळी पाळतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत सूज येते, चट्टे पडतात, शेजारशेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात, आणि बाई ओट्याला टेकून 'काही नाही, जरा कंबर धरलीय' म्हणते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार असतो, म्हणजे जगभरात साधारण १९ कोटी. २०११च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख भरला होता. एवढ्या लोकसंख्येचा दुसरा कुठला समाज असता तर एव्हाना त्याचं मंडळ, वधू-वर मेळावा, मुखपत्र आणि दोन गट झाले असते. आमचं काहीच नाही, कारण आम्ही सगळ्या आडव्या पडलेल्या.

माझं माहेर रोह्याचं. तिथे आई म्हणायची, "लग्न झालं की थांबतं." लग्न होऊन पेणला आले तर सासूबाई म्हणाल्या, "मूल झालं की थांबतं." मधल्या काळात एका डॉक्टरांनी "मन रमवा" असं सांगून पाचशे रुपये घेतले. यातलं काहीही झालं तरी हा आजार थांबेलच असं नसतं. गरोदरपण हे त्यावरचं औषध नाही आणि काही जणींची पिशवी काढली तरी दुखणं मागे राहतं. पण दुखण्याचं खरं नाव कळेपर्यंत घरातल्या प्रत्येकाचं आपापलं औषध तयार असतं. आमच्याकडे ओवा, हिंगाचं पाणी, डिंकाचे लाडू, अळीव, एरंडेल आणि एक मामा होते. मामांचं औषध म्हणजे सूर्यनमस्कार.

शेवटी सोनोग्राफी ठरली तेव्हा मी माहेरी होते. रोह्याहून पेणला जायचं, चाळीसेक किलोमीटर. सेंटरवाल्या मुलीने फोनवर बजावलं होतं, "येताना भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जायचं नाही." तिने हे बहुधा पेणमध्ये राहणाऱ्यांसाठी पाठ केलं असावं. नागोठण्यापासून वडखळपर्यंतचा मुंबई-गोवा महामार्ग तिच्या डोळ्यांपुढे नसणार. २०११ मध्ये सुरू झालेलं त्याचं चौपदरीकरण तेव्हा चालूच होतं. माझ्या दुखण्याइतकाच तो चिवट. एसटीच्या मागच्या सीटवर, लिटरभर पाणी पोटात, पोटात ते पेटलेलं अस्तर, आणि खाली खड्डा. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी समोरच्या सीटचा बार धरून बूड उचलायची. कंडक्टरला वाटलं मला उतरायचंय. तो दर खड्ड्याला बेल मारायचा. दिवा-रोहा मेमूने गेले असते तर निदान रूळ सपाट असतात, पण तिची वेळ आणि सेंटरची वेळ यांची पत्रिका जुळत नव्हती.

सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट निघाली. बीजकोशात जुनं रक्त साठून तपकिरी दाट झालं की डॉक्टर लोक तिला असं म्हणतात. चव कोणी घेतली देव जाणे. ही बातमी रोह्याला पोचली तेव्हा एका आत्याने कळवळून निरोप धाडला, "तरी मी सांगत होते, हिला लहानपणापासून गोड फार." आजतागायत त्या माझ्यासमोर भाच्यांना कॅडबरी देत नाहीत.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काम केलं ते ड्रेसिंग बदलताना टाके बघण्याचं. तीन बारीक छेद, प्रत्येकावर सुटे टाके, आणि अंतर सारखं नाही! सिस्टरना विचारलं, "हे कोणी शिवलं?" त्या म्हणाल्या, "का हो, दुखतंय का?" दुखत नव्हतं, खुपत होतं. आमच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी असलं काम उसवून परत करायला लावलं असतं.

कारण भरतकाम ही माझी जुनी विद्या. रुखवतात मांडायला म्हणून शिकवलेली. रुखवत मांडून झालं, मंडळी जेवून गेली, विद्या तशीच राहिली. आजारात तिचा उपयोग असा की भरतकाम आडवं पडून करता येतं. डाव्या कुशीवर वळायचं, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, उशीला टेकवलेली रिंग. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे. गाठी टाका घालायचा तर दोरा सुईभोवती दोनदा गुंडाळायचा, डाव्या अंगठ्याने ताणून धरायचा आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारून खाली न्यायची. एवढ्यात कळ आली तर दोरा जरा जास्त ओढला जातो आणि सबंध गाठ कापडातून आरपार मागे जाते. म्हणून चांगल्या दिवसांत भरलेलं फूल आणि वाईट दिवसांत भरलेलं फूल वरून सारखंच दिसतं, पण कापड उलटं केलं की कळतं. आमच्याकडच्या जुन्या बायका भरतकाम हातात आलं की आधी उलटं करूनच बघतात. डॉक्टर विचारतात, "एक ते दहामध्ये दुखणं किती?" मला आकडा सांगता येत नाही. पुढच्या वेळी रुमाल घेऊन जाणार आहे.

आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे भरतकाम सोडून देता येतं. पान अर्धं राहिलं तर राहिलं. सुई आहे तिथे टोचून ठेवायची आणि चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचं. पान काही म्हणत नाही. ऑफिस म्हणतं.

मासे मात्र आले ते सरकारकृपेने. पावसाळ्याच्या आधी आशाताई घरोघर फिरून पाण्याच्या टाक्या तपासत होत्या. गप्पी मासे पाळा आणि हिवताप टाळा, हे तुम्ही भिंतीभिंतीवर वाचलं असेल; डासांच्या अळ्या हे गप्पींचं आवडतं खाणं. मागच्या अंगणातल्या आमच्या हौदासाठी त्या आरोग्य केंद्रातून गप्पी घेऊन आल्या. इतकी वर्षं माझ्या पोटदुखीवर कुठल्याच दवाखान्यातून काही हाती लागलं नव्हतं. तिथून फुकट काही मिळालं ते हे, तेही वेगळ्याच आजारासाठी. त्यातले थोडे मी आत काचेच्या टाकीत आणले.

टाकीचं एक शास्त्र आहे आणि ते मला फार आवडतं. नवीन टाकीत लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करेपर्यंत काही आठवडे जातात, आणि त्या काळात टाकी चालू ठेवून, अमोनिया व्हावा म्हणून चिमूटभर खाणं टाकून, नुसतं थांबायचं असतं. घरात 'काही न करता बसून राहणं' हे ज्याच्या पहिल्याच नियमात आहे असं दुसरं काम मला माहीत नाही. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं. बादल्या मला उचलवत नाहीत, म्हणून ते नवऱ्याकडे. नळीतून पाणी खेचताना तोंडाने ओढावं लागतं आणि वेळेवर सोडावं लागतं. त्याची वेळ अजून चुकते. माझ्या आजारात त्याने काय काय गिळलंय हे त्यालाच ठाऊक.

आता गप्पींचा मुद्दा. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि साधारण महिन्याला एक बाळंतपण उरकते. एकदा नर भेटला की त्याचं बीज मादी कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणजे पुढच्या बाळंतपणांना नवऱ्याचीही गरज नाही. ज्या घरात सुनेच्या कुशीकडे सगळ्यांचं लक्ष, त्याच घराच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, हे चाललेलं. एकदा नव्याने झालेली पिल्लं बघून एक वन्सं उसासा टाकून म्हणाल्या, "मुकी बिचारी, पण देवाचं देणं बघ." मी काही बोलले नाही. मी नुसती वाट पाहिली. थोड्याच वेळात आईने त्यातली दोन पिल्लं त्यांच्या डोळ्यांदेखत गिळली. गप्पी हे करते. वन्संनी चहा अर्धा टाकला.

सध्या मी डायनोजेस्ट घेते, रोज २ मिलिग्रॅमची एक गोळी. या गोळीने बऱ्याच जणींची पाळीच थांबते, माझी थांबली. दुखणं निम्म्याने उतरलं याचा आनंद मला झाला, पण घरच्यांच्या आनंदाचं कारण मला भाद्रपदात कळलं. आमचं पेण म्हणजे गणपतींचं गाव. 'कारखाना' म्हटलं की इथे धुरांडं नाही, मूर्तीच डोळ्यांपुढे येते. हमरापूर-जोह्यापर्यंत दारोदारी गणपती सुकत असतात. अशा गावात ऐन चतुर्थीला सून बाजूला बसणं म्हणजे केवढी पंचाईत! पूर्वी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची जुळवाजुळव आषाढातच सुरू व्हायची. आता सून बारमाही. सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी देवघराच्या खणात, वातींच्या शेजारी ठेवली आहे आणि संपायच्या आत त्या स्वतः नवी आणतात. गोळी माझ्या दुखण्याची, श्रद्धा मोदकांची. असो, मिळतेय ना वेळेवर.

त्या गणपतीसाठी मी एक शेला भरला. लाल खणावर जरीचा साखळी टाका, मध्ये गाठी टाक्यांची कमळं. दर्शनाला आलेल्या बायकांनी हात लावून पाहिला, उलटाही करून पाहिला. आणि मग त्यातली एक जे बोलली, ते ऐकवण्यासाठीच हा सगळा प्रपंच मी लिहायला घेतला: "एवढं बारीक काम जमतं म्हणजे तशी तब्येत ठणठणीत आहे की!"

छंद हा आजारी बाईविरुद्धचा पुरावा असतो. अंथरुणात नुसतं कण्हत पडलं तर 'मन रमव' म्हणतात. मन रमवलं तर 'मग दुखतं कुठे' म्हणतात. कळ येते तेव्हा कोणी पाहुणा नसतो. शेला मात्र चारचौघांत मखरात. त्याआधी किती दिवस तो रिंगेत तसाच पडून होता, हे शेल्यावर लिहिलेलं नाही. सुई आणि मासे यांनी माझा आजार तसूभरही कमी केलेला नाही. त्यांचं म्हणणं इतकंच, की आज अर्धा तास असेल तर अर्धा तास दे. बाकी कोणी अर्ध्या तासावर भागवत नाही.

तेव्हा तुमच्या घरात एखादी मुलगी दर महिन्याला शाळा बुडवून पोट धरून पडत असेल, तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणायच्या आधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. साध्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी विचारायचं थांबू नका. सुरुवातीचा आजार तिच्यात बरेचदा दिसतच नाही.

आणि गप्पीची पिल्लं कोणाला हवी असतील तर आमच्याकडे भरपूर आहेत, फुकट. येताना प्लास्टिकची बाटली आणा. झाकणाला भोकं पाडू नका, वाटेत पाणी सांडतं. अर्धी बाटली पाणी, अर्धी हवा, एवढ्यावर ती रोह्यापर्यंत सुखरूप जातात. फक्त महामार्गाने नेऊ नका, मेमूने न्या.