निवळशंख पाण्याचा हिशेब

(स्थळ : रत्नागिरी, भाट्याची पुळण. पुण्याचा भाचा मोबाइलवर थायलंडची तिकिटं चाळतो आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेले मामा समुद्राकडे बघत बसले आहेत.)

भाचा : अंदमान समुद्रातली चार बेटं, पाच दिवस आणि रोज स्नॉर्केलिंग. मामा, तेही अगदी स्वस्तात!

मामा : स्वस्तात म्हणजे कशाच्या मानाने? डोळ्यांवर मास्क चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून राहायचं, एवढाच हा उद्योग. पालथं पडायला जगात कुठेच फारसे पैसे पडत नाहीत, ते पडतात तिथवर जायला. तुझा निम्माअधिक खर्च आकाशात होणार आणि स्वस्त म्हणून कौतुक मात्र बेटाचं. थीबा राजा आठव. ज्या अंदमान समुद्राकडे तू पदरमोड करून निघालास, त्याच्याच काठावरच्या ब्रह्मदेशाचा तो राजा. इंग्रजांनी त्याला स्वतःच्या खर्चाने उचलून रत्नागिरीला आणलं, इथे राजवाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. बिनखर्चाची सफर म्हणतात ती ही. परतीचं तिकीट तेवढं नव्हतं.

भाचा : पण आपल्याकडे बेटं आहेत कुठे? इथल्या रत्नदुर्ग किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूने रिक्षा जाते.

मामा : रिक्षा जाते तिथे उतरू नकोस, पुढे जा. जयगडला फेरीबोटीत बस, तवसाळला उतर, गुहागर ओलांड, धोपाव्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे दाभोळ, मग हर्णै. दोन खाड्या झाल्या. तिकडे लोक बेटावरून बेटावर उड्या मारतात, आपण खाडीवरून खाडीवर मारायच्या. आणि शेवटी हर्णैच्या किनाऱ्यावरून होडीने सुवर्णदुर्ग, ते अस्सल बेट. युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात ते आहे. १७५५ साली विल्यम जेम्स नावाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने हा किल्ला घेतला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्या विजयाचं स्मारक म्हणून बुरूज बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. सुवर्णदुर्गाचं बारसं लंडनमध्ये होतं आणि पुण्याच्या माणसाला हर्णै लांब पडतं! आणखी बेट हवं असेल तर मालवणला सिंधुदुर्ग आहे.

भाचा : तो जिल्हाच वेगळा.

मामा : १ मे १९८१ पासून. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. वाटणी झाली म्हणून भावाकडे जेवायला जाणं बंद करतात का?

भाचा : बेटं मान्य. पण पाणी? तिकडे पाण्यातून तळ दिसतो. इकडे गुडघाभर पाण्यात आपलीच पावलं दिसत नाहीत. हे गढूळ पाणी बघायला मास्क कशाला?

मामा : आता मुद्द्यावर आलास. पाणी गढूळ का, ते बघ. सह्याद्रीवर चार महिने कोसळणारा पाऊस डोंगराची माती घेऊन शास्त्री, वाशिष्ठी, काजळी अशा नद्यांतून समुद्रात उतरतो. त्याच पावसाळ्यात लाटा समुद्र ढवळतात, तळाशी साचलेलं खत वर येतं. त्या खतावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर सूक्ष्म जीव जगतात, आणि या सगळ्यावर तारली आणि बांगडा. उष्ण कटिबंधातलं निळंशार, निवळशंख पाणी मात्र बहुतेक वेळा उपाशी असतं. त्यात खत नाही म्हणून सूक्ष्म जीव कमी, आणि ते कमी म्हणून तळ दिसतो. रिकाम्या डब्याचा तळ दिसतोच की! मिरकरवाडा बंदरात बांगड्यांच्या टोपल्या उतरतात त्या या गढूळपणातून. ताटात बांगडा हवा आणि दारात काचेसारखं पाणीही हवं, असा हट्ट एकाच समुद्राकडे धरायचा नाही.

भाचा : थांबा मामा, सापडलात. निवळ पाणी उपाशी, तर पोवळ्यांभोवती रंगीत माशांची जत्रा कशी भरते? ते काय वारा खाऊन राहतात?

मामा : शंका खानदानी आहे, या कोड्याला डार्विनचंच नाव दिलेलं आहे. उत्तराचा मोठा भाग असा, की पोवळं हा जातिवंत कोकणी गृहस्थ आहे. त्याने आपल्या अंगातच सूक्ष्म शेवाळाला बिऱ्हाड दिलेलं असतं. शेवाळ उन्हात अन्न शिजवतं आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. मालकाच्या शरीरातून जे टाकाऊ निघतं, ते शेवाळाला खत. इतर जीवही एकमेकांचं उष्टं-खरकटं वाया जाऊ देत नाहीत. आपण नारळाचं खोबरं खातो, सोडणाचा काथ्या वळतो, करवंटीची पळी करतो, तसला हा संसार. बाहेरून आवक बेताची, तरी घर भरलेलं. बजेट म्हणतात ते हे, तुझ्या मोबाइलवर आहे ती सवलत. आणि म्हणूनच नवशिका पाय टेकायला पोवळ्यावर उभा राहिला, की वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारा हा संसार एका टाचेत मोडतो. त्या टाचेची किंमत कुठल्याच पावतीवर छापलेली नसते.

भाचा : म्हणजे स्नॉर्केलिंग करूच नये?

मामा : असं कोण म्हणतं? कधी आणि कुठे, ते कळलं पाहिजे. पोवळ्याला शेवाळापुरतं ऊन लागतं, म्हणजे पाणी त्यातल्या त्यात निवळ लागतं. म्हणून विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, नद्यांच्या मातीपासून दूर, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, तिथे पोवळी नांदतात. पण त्याचा माथाच वीसेक मीटर खोल, तिथे नळी तोंडात धरून तरंगणारा माणूस फक्त निळा रंग बघेल. आपल्या ऐपतीचं ठिकाण मालवण. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात पोवळी आहेत. पावसाळ्यात बंद. पाऊस सरला, माती खाली बसली, की थंडीत जायचं. थायलंडसारखा तळ दिसेल असं मी म्हणणार नाही, मी काही पर्यटन खात्यात नव्हतो. पण मास्क घालून जे धूसर दिसेल, त्यात मासा असेल.

भाचा : आणि खर्च?

मामा : एसटीने. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट माफ, म्हणजे मी शून्य. बायकांना अर्धं, म्हणजे तुझी मामी अर्धी. तू एक. तिघांची सरासरी काढ.

भाचा : अर्धं तिकीट. पण मामा, पूर्ण पैसे भरणारा मी एकटाच!

मामा : मग मास्क एकच घे. पाळीपाळीने लावू. पहिली पाळी मामीची.