मोक्ष सकाळी, मॉल दुपारनंतर

बँकॉकच्या टूरमध्ये मोक्ष सकाळी उरकतात; दुपारनंतर मॉल. ‘वाट पो’मधले निजलेले बुद्ध ४६ मीटर लांब. फोटोच्या दृष्टीने भलतीच गैरसोय! चेहरा घेतला तर पाय जातात, पाय घेतले तर काकू जातात. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत, पण ती बघणार कोण? पाठीमागच्या १०८ भांड्यांत एकेक नाणं टाकायचंय आणि चिल्लर आधीच विकत घेतलेली. वसूल नको व्हायला? (अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातही असेच निजलेले बुद्ध आहेत. तिथे पासपोर्ट लागत नाही, म्हणून मंडळींचं जायचं राहिलंय.)

‘वाट त्रैमित’मध्ये मात्र खरी एकाग्रता दिसली. साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती! कैक वर्षं गिलाव्याखाली दडलेली, म्हणून पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली. १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि सगळ्यांचीच श्रद्धा एकदम वाढली. घरदार, राज्य सोडून निघालेल्या माणसापुढे उभं राहून आमचे काका मोबाइलवर दहा ग्रॅमच्या भावाने गुणाकार करत होते. शून्यं मावेनात.

राजवाड्याच्या मंदिरात पाचूच्या (म्हणजे जेडच्या) बुद्धांची वस्त्रं ऋतूनुसार वर्षातून तीनदा खुद्द राजा बदलतो. काकांची हाफपँट मात्र दारातच बदलायला लावली. हत्तीछाप पायजम्यात ते एकदम सात्त्विक दिसू लागले. इथले भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, असं गाइड सांगत होता, तेवढ्यात मागून प्रश्न आला, “आपलं जेवण जैन आहे ना? आणि आमरस?”