मजुरीत काही कमी करा!

तोरणमाळच्या सात पायरी घाटात तापमानाचा काटा लाल रेषेवर गेलेला दिसत असूनही ‘आता पोचतोच की’ म्हणत गाडी रेटली, की इंजिन जाम. मग टोचन लावून खाली शहादा. तिथे गाडीचा मालक दुसऱ्या इंजिनाची किंमत निमूट मोजतो, टोचनवाल्याशीही हुज्जत घालत नाही. मजुरीचा आकडा ऐकला मात्र, त्याच्यातला अर्थतज्ज्ञ जागा होतो. ‘‘अहो मिस्त्री, जुनं काढायचं नि दुसरं ठेवायचं, त्याचे एवढे?’’

ठेवायचंच तर आहे! ऑइल-कूलंट काढा, रेडिएटर सोडवा, वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटला खूण करा, सायलेन्सरचे गंजलेले नट न तोडता फिरवा, गिअरबॉक्स वेगळा करा, मग चेन-कप्पीला लटकलेलं ते धूड बोटं शाबूत ठेवून बाहेर घ्या. बसवताना हेच सगळं उलट्या क्रमाने. त्यात क्लचप्लेट बरोबर मध्यावर आली नाही, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. मिस्त्री पुन्हा गाडीखाली उताणा.

शहरातल्या शोरूमच्या वर्कशॉपात याच मजुरीवर 18 टक्के जीएसटी चढतो. तिथे साहेब एसीत कॉफी पीत मुकाट्याने सही करतात. घासाघीस फक्त ग्रीस लागलेल्या हातांशी!

असो. मजुरीत काही वाचवलंच असेल, तर त्यातून नव्या इंजिनाचा नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या. चेसिस नंबरबरोबर तोही तिथे नोंदलेला असतो. जुळला नाही तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.