ओल कुठली, घाम कुणाचा

तेलाला दोनच दिशा कळतात. गाडी उभी असली की खाली, आणि धावत असली की वाऱ्याबरोबर मागे. त्यामुळे जुन्या मोटारसायकलच्या पोटाखाली लोंबणारा थेंब जिथे दिसतो तिथला सहसा नसतोच. तो वर कुठेतरी, पुढे कुठेतरी निघालेला असतो. वाटेत सिलिंडरच्या फिन्सवरून पायरी पायरीने उतरतो, नटांना प्रदक्षिणा घालतो, अंगाला धूळ माखून घेतो आणि अखेर ड्रेन प्लगच्या टोकाशी येऊन विसावतो. सगळ्यांत खाली राहतो म्हणून आळ ड्रेन प्लगवर. मालक त्याला आवळतो, त्याची वायसर बदलतो. दुसऱ्या दिवशी तो तितकाच निर्दोष आणि तितकाच ओला.

आमच्याकडची गाडी काकांची. एकच सिलिंडर, फोर-स्ट्रोक, ३५० सीसी, किक मारणाऱ्याच्या गुडघ्याची रोज परीक्षा घेणारी. कंपनीचं नाव सांगत नाही. म्हातारपणाच्या तक्रारी माहेरच्या माथी मारू नयेत. तशीही ही त्या पिढीची खोडच. जुन्या ब्रिटिश घडणीच्या बहुतेक इंजिनांची खालची पेटी उभी चिरलेली असे: एक डावा अर्धा, एक उजवा, आणि मधली शिवण थेट तळापर्यंत, तेलाच्या वाटेत. १९६९ साली आलेल्या होंडाच्या सीबी ७५० ची पेटी जपान्यांनी आडवी कापली, आणि मोटारसायकलखालची जमीन कोरडीही राहू शकते हे जगाला हळूहळू पटत गेलं.

आमच्या अंगणाला ते कधी पटलं नाही. काका जावळी तालुक्यात प्राथमिक शिक्षक. फरशीवरचा थेंब ताजा चमकत असला तर ते नुकतेच निघालेत, त्यावर धुळीची साय धरली असेल तर शाळेत पोचलेत, असं काकू ओट्यावरून बघून सांगायची. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण तिचा भरवसा डागावर.

काकांच्या मागे गाडी बरीच वर्षं पडवीत नुसती उभी राहिली. मी ती पुन्हा सुरू केली तेव्हा थेंबांची धार होऊ घातली होती. मूळ शोधण्याआधी गळतंय ते काय, हे ठरवावं लागतं. गाडी साईड स्टँडवर कलती ठेवली तर उजवीकडचं पापही डावीकडे जमा होतं, म्हणून ती डबल स्टँडवर घ्यायची, खाली रात्रभर पांढरा कागद अंथरायचा आणि सकाळी त्यावरचं भविष्य वाचायचं. पेट्रोल असेल तर उडून जातं, मागे वास आणि फिकट कडा ठेवून. गिअर ऑइलला गंधकाची उग्र झाक असते. पुढच्या चाकाजवळ ओल असली तर फोर्कच्या सीलकडे बघायचं. ब्रेक ऑइल आमच्याकडे निर्दोष सुटलं, कारण दोन्ही ब्रेक ड्रमचे, तिथे तेलाचं काम नाही. चेनला लावलेलं वंगणही मोठं सोंगाडं. चेन ते उडवते, ते मागे साठतं आणि इंजिनाची बदनामी करतं. बोट नाकाशी नेऊन डोळे मिटणारा माणूस अत्तराच्या दुकानात शोभतो. आमच्या पेठेत भर रस्त्यावर तसं केलं की भाजी घेऊन चाललेले लोक थबकतात, आणि मग आपलंही एक मत देऊन जातात.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. तरी आपण शोधतोच, आणि शोध संपलाय असं वाटायला हवं म्हणून तिथे देऊळ बांधतो. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडतं; कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री अशा पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. पण त्या गोमुखाच्या मागे अख्खा डोंगर आहे, पावसाळाभर भिजलेला, आणि तो नेमका कुठून पाझरतो हे त्या गाईलाही सांगता यायचं नाही. भीमाशंकरची तऱ्हा आणखी वेगळी. त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या शंकराच्या घामातून भीमा निघाली, अशी कथा आहे. उगम देवळापाशी मानायचा, पण ती लुप्त होऊन पुन्हा प्रकटते ती पलीकडच्या रानात, गुप्त भीमाशंकरला. म्हणजे देवाचा घामसुद्धा फुटतो एकीकडे आणि दिसतो दुसरीकडे.

गॅरेजातही घामच म्हणतात. साताऱ्यातले आमचे मिस्त्री, सगळ्यांचे मामा, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "घाम फुटलाय तिला. सायेब, वल्ली जागा बघू नगा. वल्लीच्या वरची पहिली कोरडी जागा कुठली, ती बघा." एखाद्या आश्रमात बारा वर्षं पाणी भरून मिळावं असं हे वाक्य मला तिथे बाकड्यावर बसून, चहाच्या पैशांत मिळालं.

मग त्यांनी इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने टिपलं, वाळू दिलं आणि फळीवरचा पावडरचा डबा उचलून वरपासून खालपर्यंत शिंपडला. न्हाऊन-माखून, पावडर लावून ते काळं धूड असं उभं राहिलं की तीट लावायचीच काय ती बाकी होती. "मेढ्यापर्यंत जाऊन या," मामा म्हणाले. मी वेण्णेच्या कडेकडेने गेलो आणि आलो. एवढ्या काळजीने पावडर लावून कुणाला फिरवून आणलं की परतताना वेग आपोआप बेताचा होतो.

पांढऱ्या पावडरीवर तेलाच्या वाटा नकाशासारख्या उमटल्या होत्या. एक हेडखालून, एक टॅपेटच्या झाकणापासून, एक गिअरच्या दांड्याच्या सीलमधून. जिथे जिथे शिवण, तिथे तिथे ओल. मी सगळी पॅकिंग बदलण्याचा खर्च मनात मांडू लागलो. मामा मात्र खाली वाकून एक रबरी नळी चाचपत होते. "सगळ्याच एकदम कशा बिघडतील? कोंडलंय तिला," ते म्हणाले.

ती ब्रीदरची नळी. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत जागा होते आणि खाली येताना तिथली हवा दाबली जाते. ३५० सीसीच्या या एकट्या पिस्टनाखाली प्रत्येक खेपेला जवळजवळ तेवढीच. शिवाय रिंगांतून निसटलेला धूर असतोच. त्या सगळ्याला बाहेर पडायला एवढीच वाट. ती बुजली की आतला दाब इंजिनभर हिंडतो आणि जी शिवण सगळ्यांत थकलेली, तिच्यातून तेल बाहेर लोटतो. मामांनी तार घालून नळीतून मातीचा गोळा काढला. पडवीतल्या त्या निवांत वर्षांत एका कुंभारणीने आत घर बांधून, पिल्लांची तरतूद करून, दार लिंपून घेतलं होतं. एवढ्याशा माशीच्या संसारापायी एवढं मोठं लोखंड घामाघूम झालं होतं.

परतताना मला काका आठवत राहिले. घरी ते फार बोलत नसत. बदलीची टांगती तलवार, आत्याच्या लग्नाचं कर्ज, यातलं काही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मग एखाद्या रात्री आमटीतल्या मिठावरून ताट सरकवलं जाई. काकू बिचारी वर्षानुवर्षं आमटीचंच पॅकिंग बदलत राहिली; कधी मीठ कमी, कधी गूळ जास्त, कधी आमसुलाऐवजी चिंच. तिच्या हाताची चव त्यातून अशी काही तयार झाली की आजही नातेवाईक ती खायला मुद्दाम येतात. आमटी तेवढी निर्दोष होती, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही.

नळी मोकळी झाल्यावर थेंब थांबला. टॅपेटच्या झाकणाशी जरा ओलसरपणा उरला आहे. तो मामांनी मुद्दाम राहू दिला. "एवढ्यासाठी आवळत बसलो तर आटे जातील. वयाचं आहे, पुसत चला."

चार दिवसांनी काकू ओट्यावर आली, कोरड्या फरशीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तेल संपलं का रे तिचं?" मी डिपस्टिक काढून दाखवली, तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. तिचं समाधान झालेलं दिसेना. "मग तू गेलायस का घरातच आहेस, हे मला कळायचं कसं?"

तेव्हापासून निघताना मी आत जाऊन सांगतो: कुठे चाललोय, कधी येईन, आणि आमटी छान झाली होती.