बोजाविरहित वाहनाचे खरेदीखत

मनुष्याने प्रवासास निघावे ते घराचा कंटाळा आला म्हणून, अशी आमच्या पिढीची साधी समजूत होती. परंतु अमेरिकेतील इंडियाना राज्यात भाच्याकडे मुक्काम पडल्यावर माझ्या ध्यानात आले, की तिकडचा सद्गृहस्थ प्रवासास निघतो तो स्वयंपाकघर, शय्यागृह, स्नानगृह आणि मैल्याची टाकी यांसह अखंड घर मोटारीमागे जोडून, आणि मुक्कामी पोहोचताच त्याच घराच्या दारात सतरंजी अंथरून, दोन घडीच्या खुर्च्या मांडून, आपण घरापासून किती लांब आलो याबद्दल धन्यता मानतो. या चाकांवरच्या घरास तिकडे कॅम्पर म्हणतात. भाच्याने व भाचेसुनेने असा एक कॅम्पर पसंत करून त्याचा विसारही देऊन टाकला होता. तो ओढायचा कशाने, हा मुद्दा विसार दिल्यानंतर चर्चेस आला.

भाचा राहतो तो गाव कोलंबस. ओहायोतले मोठे कोलंबस निराळे. हे इंडियानातले, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे, आणि १९१९ साली येथे स्थापन झालेल्या कमिन्स या डिझेल इंजिनांच्या कंपनीभोवती वाढलेले. १९६२ साली याच कंपनीने किर्लोस्करांशी भागीदारी करून पुण्यात कोथरूडला कारखाना काढला, आणि तेव्हापासून या दोन गावांमध्ये असे काही दळणवळण जडले, की कोलंबसच्या वाणसामानाच्या दुकानात कोणी खणखणीत पुणेरी मराठीत कोथिंबिरीची निंदा केली तरी आता तेथे मान वळत नाही. कंपनीच्या एका दूरदर्शी अध्यक्षांच्या आश्रयाने नामांकित वास्तुविशारदांनी येथे शाळा, चर्चे, ग्रंथालय, एवढेच काय पण आगीच्या बंबांची चौकीसुद्धा अशी बांधून ठेवली आहे, की ती पाहण्यास दूरदूरचे रसिक येतात. भाच्याने हे सर्व मला मोटारीच्या काचेतून आणि बऱ्याच वेगाने दाखविले, कारण त्याची नजर इमारतींकडे नसून त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकांकडे होती.

भाचा स्वतः डिझेलच्या धंद्यातला. आठवड्याचे पाच दिवस हा गृहस्थ इंजिनातून निघणारा धूर कसा गाळावा, त्यात युरियाचे पाणी फवारून तो कसा निर्विष करावा, या लोकोपयोगी संशोधनात घालवितो. आणि स्वतःसाठी ट्रक घ्यायची वेळ येताच त्याने अट घातली ती अशी, की गाडी २००७ च्या आधीची हवी, म्हणजे तिच्यात ना धुराची गाळणी, ना युरियाची टाकी. "मामा, ती यंत्रणा उत्तमच आहे, पण तिची दुरुस्ती मला ठाऊक आहे," असे त्याने याचे समर्थन केले. पोटापाण्याचा व्यवसाय आणि प्रीती यांचा असा काडीमोड मी आमच्या महसूल खात्यातही पाहिला होता. तेथे जमिनीच्या मोजणीत हयात घालविलेले लोक निवृत्तीनंतर फ्लॅटमध्ये राहावयास जात.

माझी नोकरी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून झाली असल्यामुळे खरेदीच्या मोहिमेवर मला बरोबर नेण्यात आले ते यंत्रज्ञानाकरिता नव्हे, तर दस्तऐवजांच्या मुलाहिजाकरिता.

पहिली तपासणी हमरस्त्यालगतच्या एका विक्रेत्याच्या आवारात झाली. वर पताका, खाली चकाकणाऱ्या गाड्यांची रांग, आणि त्या रांगेच्या अग्रभागी एक तांबडा ट्रक, ज्याचे इंजिन आमच्या आगमनाप्रीत्यर्थ सुरूच करून ठेवलेले होते. भाच्याने काही न बोलता बॉनेटवर पालथा हात ठेवला, आणि मला बाजूला घेऊन सांगितले, की डिझेल इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच करायची असते. गार पडलेले इंजिन सकाळी पहिल्या हाकेला ओ देते की नाही, आणि ओ देताना पांढरा धूर ओकते की निळा, यात त्याचे सारे चारित्र्य आले, आणि जो विक्रेता ते आधीच तापवून ठेवतो, तो साक्षीदारास पढवून आणल्याप्रमाणे वागतो. तरीही भाचा खडीवर उताणा पडून गाडीखाली सरकला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचा सांगाडा आतून खाते; या गाडीच्या सांगाड्याला ताजा काळा रंग इतक्या प्रेमाने फासलेला होता, की भाच्याने तेथेच पेचकस टेकविला. पेचकस आत गेला. लोखंडाचे पापुद्रे त्याच्या चष्म्यावर पडत असताना वरून विक्रेता म्हणाला, "वरवरचा गंज आहे तो." भाचा खालून म्हणाला, "हो, पण वरून खालपर्यंत वरवरचा आहे."

दुसरी गाडी यंत्रदृष्ट्या निर्दोष होती, आणि तेथे माझा विभाग सुरू झाला. अमेरिकेत प्रत्येक वाहनास टायटल नामक एक कागद असतो. मालक कोण, आणि गाडीवर कोणा सावकाराचे कर्ज आहे की काय, याची नोंद त्यावर असते. थोडक्यात, तो त्या वाहनाचा सातबाराच, आणि इतर हक्कांचा रकानाही त्यात आलाच. मी तो पाहण्याची इच्छा दर्शविली. मालक तरुण, हसतमुख, दंडावर गरुड गोंदविलेला; तो म्हणाला, कागद मेहुण्याकडे आहेत. मला एकाएकी परक्या देशात असल्याचे विस्मरण झाले. तीस वर्षांच्या सेवेत मी असंख्य उतारे पाहिले, त्यांवरचे वारस, कुळे, गहाणदार आणि अज्ञान पालनकर्ते पाहिले, आणि 'कागद मेहुण्याकडे आहेत' हे वाक्य ज्या ज्या खटल्यात उच्चारले गेले, त्या त्या खटल्याचा निकाल मी निवृत्त होईपर्यंत लागला नव्हता. मेहुण्याने गाडी गहाण ठेवली असेल, किंवा गाडीच मुळात मेहुण्याची असेल, किंवा मेहुणाच नसेल. कोणत्याही पक्षी भाच्याला गाडी मिळेल आणि मालकी मिळणार नाही, असा अभिप्राय देऊन मी ते प्रकरण दप्तरी दाखल केले. आणखी एकदोन गाड्या वाटेत पाहिल्या, त्यांच्याविषयी न लिहिणेच बरे.

खरा ट्रक सापडला तो उत्तरेस, हमरस्ता क्रमांक ३१ सोडून मक्याच्या शेतांत शिरल्यावर. २००६ सालचा डॉज रॅम २५००, आत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, हातगियर, आणि चालून झालेले एक लाख ऐंशी हजार मैल, जे तिकडच्या मते डिझेलच्या ऐन तारुण्याचे लक्षण होय. मालक वृद्ध शेतकरी. हा मनुष्य इतका अल्पभाषी, की गाडीची स्तुती करण्याचे कामही त्याने आमच्यावर सोपविले. "चालते," एवढेच तो म्हणाला. गाडीत दोष काय, असे भाच्याने विचारता त्याने बराच वेळ क्षितिजाकडे पाहिले आणि सांगितले, "रेडिओ बंद आहे." थोड्या वेळाने, प्रामाणिकपणाची परिसीमा गाठावी म्हणून, "घड्याळ चालते," अशी पुस्ती जोडली.

बॉनेट बर्फासारखे गार होते. किल्ली फिरविताच इंजिन एका दमात सुरू झाले, आणि त्याचा तो खडखडाट ऐकून भाच्याच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरली, ती मी त्याच्या लग्नातही पाहिलेली नाही. मग त्याने एक प्रयोग केला. इंजिनात तेल ओतण्याच्या तोंडावरील झाकण काढून ते त्याच तोंडावर उलटे करून नुसते ठेवले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्या तर ज्वलनाचा वायू बाजूच्या फटीतून खाली उतरतो आणि ते झाकण थडथड नाचवून उडवून देतो. रिंगा शाबूत असल्या तर झाकण जागच्या जागी किंचित थरथरते. आम्ही तिघे त्या तळहाताएवढ्या काळ्या झाकणावर वाकून उभे राहिलो. झाकण थरथरले, क्षणभर एका कडेवर उचलल्यासारखे झाले, आणि पुन्हा बसले. शेतकरी म्हणाला, "चालते."

आता वजनाचा हिशेब. ट्रकांच्या जाहिरातीत नेहमी ओढण्याची ताकद सांगतात, आणि ती ऐकली की माणसाला डोंगर हलविण्याची उमेद येते; वस्तुस्थिती मात्र ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत चिकटविलेल्या एका हातभर लांबही नसलेल्या कागदावर असते, आणि तो कागद कोणी वाचत नाही. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपलीकडे जाता कामा नये, असा हुकूम त्यावर असतो. आमच्या ट्रकाचा आकडा दोन हजार पन्नास. कॅम्पर भरल्यावर साडेसात हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे तीन हजार चारशे किलोंचा. तो नुसता मागून येत नाही, तर आपल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे ट्रकाच्याच पाठीवर टाकतो. बारा टक्के धरले तरी नऊशे पौंड तेथे गेले. जोडणीच्या पोलादी सरंजामाचे शंभर, आम्हां तिघांचे साडेचारशे. गंमत अशी, की डिझेल इंजिनच मुळी अर्धा टन वजनाचे, म्हणून तेच ट्रक पेट्रोलवर घेतले तर ओढतात कमी पण वाहतात जास्त. हे सर्व गणित करून भाच्याने सहाशे पौंड शिल्लक काढले आणि ते समाधानाने वहीत लिहिले. त्यावर भाचेसुनेने फोनवरून मिक्सर, दोन कुकर, तांदळाचे पोते आणि पुरणयंत्र यांची यादी सांगावयास प्रारंभ केला.

घासाघीस माझ्याकडे होती. मागणी साडेसतरा हजार डॉलरांची. मी मंडईच्या रिवाजाप्रमाणे प्रथम गाडीची नालस्ती करण्याचा बेत केला होता, पण जो मनुष्य गाडीची स्तुतीच करीत नाही, त्याच्यापुढे नालस्ती कशाची करणार? शेवटी मी गप्प राहिलो. शेतकरीही गप्प राहिला. मौनात तो माझ्याहून मुरलेला होता, तरी अखेरीस म्हणाला, "रेडिओचे पाचशे कमी." टायटल त्याने घरातून आणले ते एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, मेहुण्याचा हात न लागलेले, बोजाविरहित; मी दाराच्या आतील आणि काचेखालील सतरा अक्षरांचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, त्याने मागे सही केली, भाच्याने बँकेचा धनादेश दिला, आणि एका लाखोंच्या व्यवहारास ना स्टॅम्प, ना साक्षीदार, ना दुय्यम निबंधकाच्या दारातले बाकडे. सात टक्के विक्रीकर तेवढा नोंदणीच्या वेळी भरावा लागला, हे वाचून आमच्या खात्यातील मित्रांस बरे वाटेल.

तेथून एल्कहार्ट. चाकांवरच्या घरांची ही राजधानी, आणि तिच्या आसपासच्या कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक काम करतात, जे स्वतः मोटार चालवीत नाहीत आणि घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. वाटेतल्या एका चौकात, पंधरा वर्षे आपोआप बदलणाऱ्या गियरांवर पोसलेल्या भाच्याचा डावा पाय क्लचावरून घसरला, ट्रकाने एक गचका देऊन प्राण सोडला, आणि आमच्या मागे अशीच एक बग्गी येऊन थांबली. दाढीवाल्या सारथ्याने भोंगा वाजविला नाही; त्याच्याकडे तो नव्हता. घोड्याने मात्र आमच्या तीनशे पंचवीस अश्वशक्तींकडे अशा नजरेने पाहिले, की भाच्याने पुढच्या प्रयत्नात गाडी थेट दुसऱ्यात उचलली.

एल्कहार्टच्या संग्रहालयात १९१३ साली बांधलेला एक ओढगाडीचा कॅम्पर जपून ठेवला आहे, आणि तो ओढण्यास फोर्डच्या वीस अश्वशक्तींच्या मॉडेल टी मोटारीने भागत असे. त्याच वर्षी, सप्टेंबरच्या अखेरीस, रुडॉल्फ डिझेल हा इंजिनाचा जनक अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या बोटीवरून रात्री नाहीसा झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, असे भाच्याने मला बजावून सांगितले.

कॅम्पर जोडून परत येताना ट्रकाने एकदाही तक्रार केली नाही. गॅलनमागे अकरा मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरांहून थोडे कमी, एवढेच काय ते त्याने मागितले. अडचण आली ती मागे घेताना. कॅम्पर डावीकडे वळवायचा तर चक्र उजवीकडे फिरवावे लागते, हे तत्त्व भाच्यास ठाऊक होते, भाचेसुनेसही ठाऊक होते, पण ती मागे उभी राहून हातांनी ज्या दिशा दाखवीत होती त्या कॅम्परच्या की चक्राच्या, याचा त्या उभयतांमध्ये पूर्वकरार झालेला नव्हता. अर्ध्या वसाहतीने तो सोहळा अंगणात उभे राहून पाहिला, आणि त्याच वसाहतीच्या गृहमंडळाचे पत्र लगोलग आले, की नियमान्वये कोणाही रहिवाशास दारात कॅम्पर उभा करता येणार नाही.

येथे माझ्या आयुष्यभराच्या विद्येचा उपयोग झाला. 'कॅम्परास घरासमोर उभे राहण्याची कायम परवानगी मिळणेबाबत' असा विनंतीअर्ज मी तयार केला. त्यात वाहनाचे वर्णन, चतुःसीमा, मागील बाजूस शेजाऱ्यांच्या दृष्टीस होणाऱ्या उपद्रवाचे परिमाण आणि अर्जदाराची पूर्वीची वर्तणूक नमूद केली, आणि भाचेसुनेने त्याचे इंग्रजी केले. मंडळाचा निर्णय लेखी आला: सामान चढविण्या-उतरविण्यासाठी अठ्ठेचाळीस तास मंजूर, बाकी विनंती नामंजूर. तेव्हापासून ते घर गावाबाहेरच्या एका कुंपणात दरमहा भाड्याने उभे असते, आणि ट्रक दारात असतो.