सम सापडते, गाणं सापडत नाही

बेल्जियममधल्या गेंट शहरात स्टीफन आणि डेव्हिड डेवाले नावाचे दोन भाऊ आहेत. वडील रेडिओवर गाणी लावणारे. पोरांनी 'सोलवॅक्स' नावाचा रॉक बँड काढला, तो बरा चालला होता. पण माणसाला सुख बोचतं. आपल्याच एका गाण्याचं नाव उचलून त्यांनी 'टू मेनी डीजेज' अशी नवी पाटी लावली आणि दुसऱ्यांची गाणी एकमेकांत घुसवायला सुरुवात केली. 2002 साली त्यांचा 'अ‍ॅज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, पार्ट टू' हा अल्बम आला. तासाभराचा ऐवज, चाळीसहून जास्त गाणी, आणि त्यातलं धड पूर्ण असं क्वचितच एखादं.

हा अल्बम मला फार आवडतो. हे वाक्य मी घरात मोठ्याने म्हणत नाही.

त्यात काय आहे म्हणून विचाराल, तर 'द स्टूजेस'चं 1969 सालचं 'नो फन' हे जगावर रुसलेल्या गिटारचं गाणं आहे, आणि त्यावर 'सॉल्ट-एन-पेपा'च्या बायका 'पुश इट' म्हणत ठसक्यात नाचून जातात. पत्रिका जमत नाही, गोत्र माहीत नाही, दोन्हीकडच्या पाहुण्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, तरी संसार दृष्ट लागण्यासारखा. डॉली पार्टन ही कंट्री संगीतातली थोर बाई नऊ ते पाच नोकरीचं गाऱ्हाणं गात असते आणि तिच्या पायाखालून नॉर्वेच्या 'रॉयक्सॉप'ची यंत्रं बुडबुडत जातात. साध्या तबकडीचा वेग वाढवला की स्वरही चढतो. म्हणजे दोन गाण्यांची लय जुळवायला जावं तर सूर रुसतात, सूर सांभाळावेत तर लय पळते. हे दोन्ही ज्याला सांभाळता येतं त्याला आम्ही आमच्याकडे 'नुसतं बटण दाबतो' असं म्हणतो.

एका रविवारी मी हा अल्बम सगळ्यांसमोर लावला. "एका डीजेचा अल्बम आहे," एवढंच मी म्हणालो. आई उठली, खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवून कॉटवर ठेवलं. आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे.

दहा मिनिटं झाल्यावर बायकोने विचारलं, "अहो, रिमोट कुणाच्या हातात आहे?"

भाचा मंडळासाठी नॉनस्टॉप बनवतो, त्यामुळे तो तज्ज्ञ. "मामा, यात ड्रॉपच नाही. पब्लिक उडी मारणार कुठे?" मग त्याने जोड कुठेकुठे उघडे दिसतात ते दाखवलं. लॅपटॉपवर आपण हे दहा मिनिटांत गुळगुळीत करून देऊ, असंही म्हणाला. ते खरं आहे. पण गुळगुळीत केल्यावर त्यात ऐकायचं काय उरणार, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या लॅपटॉपला मीच पैसे दिले आहेत.

मधेच पीचेस नावाच्या बाईंचं एक गाणं येतं. त्याचं शीर्षक कुठलंही कौटुंबिक मासिक छापणार नाही. मी वेळेवर खोकायला लागलो. आई म्हणाली, "खोकू नकोस. ती काय म्हणतेय ते मला कळतंय."

खरी गंमत शेजारच्या काकांची. काकांनी उभी हयात तबला वाजवला. ते चहाला म्हणून आले आणि डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत बसले. या संगीतात सगळं चाराच्या पटीत चालतं आणि जाणकार डीजे बदल करतो तो सोळा किंवा बत्तीस ठोके पुरे झाल्यावर. हे काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळाने ते पुटपुटले, "आता बदलणार." बदललं! मग त्यांना नादच लागला. "आता... हां! आता... वा!" गायकाला दाद द्यावी तशी ते डेवाले बंधूंना दाद देत होते. भाचा तोंड उघडं टाकून बघत राहिला. शेवटी काका म्हणाले, "गाणी भिकार आहेत. पण पोरं समेला चुकत नाहीत हो!"

या अल्बमचे सगळ्यात पहिले टीकाकार मात्र आमच्या घरात नव्हते. ते रेकॉर्ड कंपन्यांत बसले होते. अल्बमसाठी 187 गाण्यांची परवानगी मागितली गेली. 114 गाण्यांना ती मिळाली, 62 गाण्यांना नकार आला आणि 11 गाण्यांचे मालकच सापडले नाहीत. म्हणजे अल्बम तयार होण्याआधीच, एक सेकंदही न ऐकता, 62 वेळा नापसंत. माझ्या माहितीतल्या कुठल्याही समीक्षकाला इतकं काम उरकलेलं नाही. ते 11 बेपत्ता मालक मला फार जवळचे वाटतात. लग्नात आहेराच्या यादीत नाव असतं पण कुणाकडून आले ते कुणालाच आठवत नाही, असे काहीजण असतातच.

घरातल्यांची नापसंती मी नीट ऐकून घेतली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. भाच्याची जोडांबद्दलची कुरकुर सोडली, तर मिक्स वाईट आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. आईचा राग डॉली पार्टनला मधेच उठवल्याबद्दल होता: "त्या बाईला पुरतं गाऊ का दिलं नाही?" बायकोला त्यातलं 'डेस्टिनीज चाइल्ड'चं गाणं पूर्ण हवं होतं आणि 'क्रॅम्प्स'चं अजिबात नको होतं. भाच्याला 'क्रॅम्प्स' चालले असते, पण डॉलीबाई म्हणजे त्याच्या मते "आजीचं गाणं". प्रत्येकाची तक्रार एकेका गाण्यापुरतीच होती आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं.

भाच्याने लगेच लॅपटॉप उघडला. सगळ्यांची मतं घेतली, नको ती गाणी काढली, उरलेली चिकटवली. पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून ऐकवलं. आई म्हणाली, "आता बरं आहे," आणि भाजी निवडायला आत गेली. बायको फोनवर बोलत होती. काकांनी डोळे मिटले, पेरांवर अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"याची सम कुठे ठेवलीस रे?" त्यांनी भाच्याला विचारलं.