चढू नका, ही नम्र विनंती

विनंतीच्या पाटीला जगात कोण विचारतो? ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, वाळवंटात, उलुरू नावाच्या अजस्र खडकाच्या पायथ्याशी अशी एक पाटी वर्षानुवर्षं उन्हात तापत उभी होती. ही जागा आमच्यासाठी पवित्र आहे, कृपया वर चढू नका, असं तिथले मूळ रहिवासी अनंगू लोक तिच्यावरून सांगत होते. आणि तिथून जवळच चढणाऱ्यांच्या सोयीसाठी 1964 साली खडकात ठोकलेली लोखंडी साखळी होती. पर्यटक शहाणा. त्याने पाटी वाचली, मान डोलावली आणि साखळी धरली.

348 मीटर उंचीचा हा लालभडक खडक अनंगूंचा, हजारो वर्षांपासून. 1873 मध्ये विल्यम गॉस नावाचे साहेब तिथे पोचले आणि त्यांनी त्याला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका बड्या राजकारण्याचं नाव देऊन टाकलं: एअर्स रॉक. पुढे 26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने मोठ्या समारंभात जमीन मूळ मालकांना परत केली आणि त्याच दिवशी तीच जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत घेतली. चढाई बंद करण्याचं आश्वासन आधी दिलं होतं, ते मात्र सोयीस्कर विसरलं गेलं. कागदावर मालक अनंगू, पण आपल्याच जागेत कुणी कुठे पाय ठेवावा हे सांगायची त्यांना चोरी.

बरं, अनंगूंचं म्हणणं काही अवघड होतं का? चढाईची वाट त्यांच्या माला पूर्वजांच्या मार्गावरून जाते, म्हणून तिथे पाय देऊ नका. दुसरं असं की, आमच्या भूमीत पाहुणा दगावला तर सुतक आम्हाला लागतं. या चढाईने किमान 37 जणांचा जीव घेतला. कुणी घसरलं, कुणाचं हृदय बंद पडलं. शिवाय वर स्वच्छतागृह नाही. तिथे जे उरकलं जायचं ते पावसाबरोबर खालच्या पाणवठ्यांत उतरायचं. दुसऱ्याच्या देवस्थानाच्या डोक्यावर बसून हे करायचं आणि खाली येऊन ‘काय आध्यात्मिक अनुभव होता!’ म्हणायचं.

अखेर 2017 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने एकमताने ठरवलं की 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद. झालं! पर्यटकांत चढणाऱ्यांचं प्रमाण तोवर घटत घटत पाचांत एकाच्याही खाली आलं होतं. बंदीची तारीख जाहीर होताच मात्र अनेकांना अचानक उलुरूची ओढ लागली. शेवटच्या दिवसांत मुंग्यांसारखी रांग लागली, राहायच्या जागा भरल्या, लोकांनी रस्त्याकडेला बेकायदा तळ ठोकले आणि निघताना घाण तिथेच टाकली. सांगून सांगून थकलेल्या यजमानाला पाहुण्यांनी दिलेली ही निरोपाची भेट!

गंमत पुढेच आहे. उलुरूहून खिशात घातलेले खडे लोक टपालाने परत पाठवतात. सोबत माफीची चिठ्ठी. कुणाला खरंच पश्चात्ताप झालेला असतो, हे मान्य. पण खडा घरी आल्यापासून आजारपण सुरू झालं, संसार मोडला असं लिहिणारेही आहेतच. जिवंत माणसांनी हात जोडून सांगितलेलं कळलं नाही, साडेसाती मागे लागल्याची शंका येताच लगेच कळलं.

आता मेलबर्न-सिडनीला मुलांकडे जाणारी आपली मंडळीही उलुरू पाहून येतात. जरूर जा. खडकाभोवती सुमारे साडेदहा किलोमीटरची सुरेख पायवाट आहे, उन्हं चढायच्या आत तिच्यावरून प्रदक्षिणा घाला. वाटेत काही ठिकाणी ‘इथे फोटो काढू नका’ अशी पाटी दिसेल. तिथल्या खडकावरच्या खुणा म्हणजे अनंगूंची पोथी, ती त्या जागीच पाहायची असते. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. तिथे मोबाईल खिशात ठेवा. ‘एकच काढतो, कोण बघतंय!’ हे वाक्य मराठीत असलं तरी तिथे चालत नाही.

चढाईवर आता कायद्याने बंदी आहे, चढलात तर दंड होतो. पण फोटोच्या पाटीपाशी बहुतेक वेळा पहारेकरी नसतो. दंडाला घाबरून कुणीही थांबतं. विनंतीला मान देऊन थांबलात, तरच पाहुणे म्हणवून घ्या.